लिस्बन: एकाच वस्तूच्या दुकानांचा बाजार

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली होती, मॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. ती आयुष्यभर घरी कपडे शिवत आली आहे आणि कुठल्याही गावात गेली की आधी तिथली बाजारपेठ बघते. म्हणून आम्ही किल्ला आणि मठ मागे ठेवले आणि थेट बाइशात उतरलो.

बाइशा म्हणजे तेजो नदीला लागून असलेला शहराचा सखल भाग. इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. १ नोव्हेंबर १७५५ ला, सणाच्या दिवशी चर्च भरलेली असताना मोठा भूकंप झाला, मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग लागली. जुनी बाजारपेठ त्यात संपली. पोर्तुगालच्या राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने हा भाग नव्याने वसवून घेतला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर इमारत तग धरेल. आणि रस्ते धंद्यांनुसार वाटून दिले. सोनारांचा एक, चांदीवाल्यांचा एक, चांभारांचा एक, कापडवाल्यांचा एक. रस्त्यांच्या नावांत ते धंदे अजून आहेत: रुआ आउरेआ, रुआ दा प्राता, रुआ दुश सापातैरुश. आपल्या पेठांमध्ये तांबट आळी आणि बोहरी आळी आहे, तशीच ही रचना. फरक एवढाच, की इथे ती सरकारी हुकुमाने झाली.

भूकंपात नदीकाठचा राजवाडाही गेला. त्याच आवारात हिंदुस्थानातल्या व्यापाराची कचेरी होती, ‘काझा दा इंदिया’. मलबारची मिरी आणि गोव्याहून निघालेल्या जहाजांचा माल तिथे उतरायचा, हिशेब तिथेच व्हायचे. आज त्या जागी मोकळा, पिवळ्या कमानींचा चौक आहे. तिथे उभं राहून मी बराच वेळ नदीकडे पाहिलं. आपल्या किनाऱ्यावरच्या मालाने या शहराचे खिसे भरले होते, हे इथल्या कुठल्याही दुकानात शिरण्याआधी लक्षात असायला हवं असं मला वाटतं.

मधला मुख्य रस्ता, रुआ औगुश्ता, मला आवडला नाही. जगात कुठेही मिळतात तेच कपडे आणि फ्रिजवर लावायची तीच चुंबकं. पण त्याला आडवा जाणारा रुआ दा कोन्सेइसाउ पकडा. तिथे शिवणकामाच्या सामानाची जुनी दुकानं आहेत आणि दारासमोरून २८ नंबरची पिवळी ट्राम खडखडत जाते. भिंतीभर लाकडी खण, प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना टाचलेला. आईचे डोळे लकाकले. ‘लेस मीटरवर देतात का गं, विचार ना,’ म्हणाली, आणि मी विचारण्याआधीच तिने हाताने माप दाखवलंसुद्धा. काउंटरमागच्या आजींनी लाकडी पट्टी काढली. पुढचा बराच वेळ दोघी बोटांनी आणि मानेनेच बोलत होत्या. शिंपल्याची बटणं, सुती लेस आणि दोन रंगांचे रेशमी दोरे असा सौदा झाला.

तिथून चढावर शियादू हा भाग. रुआ दु कार्मुवर ‘लुवारिया उलिसेश’ हे हातमोज्यांचं दुकान १९२५ पासून आहे आणि ते एखाद्या कपाटाएवढं आहे. आत एक-दोन गिऱ्हाइकं मावतात, बाकीचे रस्त्यावर रांगेत. तुम्ही कोपर छोट्या उशीवर टेकवता, दुकानदार लाकडी चिमट्याने मोज्याची बोटं सैल करतो, आत पावडर फुंकतो आणि मोजा तुमच्या हातावर चढवतो. मापाची पट्टी लागत नाही, हात बघूनच माप ठरतं. इतकं लक्ष देऊन मला आजवर कुणी काही विकलं नव्हतं.

याच रस्त्यावर २५ ऑगस्ट १९८८ ला आग लागली आणि शियादूच्या कित्येक इमारती जळाल्या. आल्वारो सिझा या वास्तुकाराने दर्शनी भिंती तशाच ठेवून आतला भाग पुन्हा उभारला, म्हणून आज हे दुकान आपल्या जागी शोभतं. वर रुआ गॅरेतवर १७३२ मध्ये सुरू झालेलं बर्ट्रांड आहे, आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तकांचं दुकान. मला पोर्तुगीज येत नाही, तरी एकामागून एक खोल्या पाहत राहिले.

सगळ्यात आनंद झाला तो नदीजवळच्या ‘कोन्सेर्वैरा द लिश्बोआ’त. १९३० पासून इथे फक्त डबाबंद मासे: सार्डिन, ट्यूना, बांगडा. डबे छताला टेकलेले. घेतलेला प्रत्येक डबा कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतात.

ही दुकानं टिकणं मात्र सोपं नाही. २०१२ च्या भाडेकायद्याने जुनी भाडी वाढवायची वाट मोकळी झाली, पर्यटक वाढले आणि अनेकांनी शटर ओढली. पालिकेने २०१५ मध्ये ‘लोझाश कों इश्तोरिया’ (इतिहास असलेली दुकानं) नावाची योजना आणून जुन्या दुकानांना दर्जा आणि थोडा आधार द्यायला सुरुवात केली. फोटो काढणारे भरपूर येतात, घेणारे कमी. म्हणून जाल तेव्हा काहीतरी घ्या, डझनभर बटणं का होईना. आणि शनिवारी जायचं तर सकाळीच जा. यांतली काही दुकानं दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत.