कठडे वर होते

"सिस्टर, कॉटचे कठडे वर करून ठेवले की बाबा पडणार नाहीत ना?" भेटायची वेळ संपते, मुलगा जिन्यापर्यंत जातो, परत येतो आणि हे विचारतो. मी 22 वर्षं मेडिकल वॉर्डात आहे. हा प्रश्न आला नाही असा आठवडा आठवत नाही. औषधांच्या ट्रॉलीशी उभ्या उभ्या "हो, लक्ष ठेवतो आम्ही" एवढंच सांगून होतं, आणि ते उत्तर पुरं नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं, मी नाइटला होते. हार्टचे पेशंट, सत्तरी ओलांडलेले, ऊस लावणारे शेतकरी. पायावर सूज होती म्हणून लघवी होण्याचं इंजेक्शन चालू होतं. रात्री नऊचा डोस मीच दिला. दोन्ही कठडे वर केले, खटका बसल्याचा आवाज ऐकला. त्यांची लेक कॉटच्या बाजूला सतरंजीवर आडवी झाली. तीनच्या सुमाराला धप्प आवाज आला. पळत गेले तर आजोबा कॉटच्या पायथ्याशी कुशीवर पडलेले, धोतराचा सोगा सलाईन स्टँडच्या चाकात गुंतलेला. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलं होतं. खुब्याचं हाड गेलं हे एक्सरेच्या आधीच कळलं.

कठडे वरच होते. आजोबा दोन्ही कठड्यांच्या मधून सरकत पायथ्याकडून उतरले होते. "हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. तेवढ्या कळांमध्येही ते म्हणाले, "पोरगी दिवसभर दमलीया. म्हटलं, कशाला उठवायचं."

झोपेत कूस बदलताना कुणी घरंगळणार असेल, किंवा ऑपरेशनच्या भुलीतून पुरता बाहेर आला नसेल, तर कठडा त्याला वाचवतो. उठायचंच असं ठरवलेल्या माणसाला तो अडवत नाही. तो कठडा ओलांडतो, आणि मग कॉटची उंची अधिक कठड्याची उंची, एवढ्यावरून खाली येतो. आणि रात्री माणूस उठतो तो बहुतेक वेळा एकाच कामासाठी, लघवीसाठी. संध्याकाळी उशिरा लघवीचं औषध दिलं की मध्यरात्री त्याला उठावं लागणारच. म्हणून आता राउंडला मी डॉक्टरांना आठवण करते, "सर, दुसरा डोस चारला घेऊ का?" पेशंटला चालणार असेल तर बहुतेक जण हो म्हणतात.

दुसरं म्हणजे आमची विचारण्याची पद्धत. रात्री फेरी मारताना "आजी, काही लागतंय का?" असं विचारलं की दहातल्या नऊ जणी म्हणतात, "नाही गं बाई, तू जा." आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मागायची सवयच नसते, त्यातून लघवीसाठी मागायचं म्हणजे जिवावर येतं. तेच मी म्हटलं, "चला आजी, मी आलेच आहे तर बाथरूमला जाऊन येऊ," की आजी पांघरूण बाजूला करतात. आमच्या नवीन मुलींना मी हे पहिल्याच नाइटला शिकवते. झोपायच्या आधी एकदा, मग दर दोन-तीन तासांनी, आणि त्यांनी उठायच्या आत.

भरती करताना आम्ही एक तक्ता भरतो, मॉर्स स्केल म्हणतात त्याला. गेल्या तीन महिन्यांत पडल्याचं असेल तर 25 गुण, हाताला सलाईन किंवा सुई असेल तर 20. आमच्या वॉर्डात 45 किंवा त्याहून जास्त गुण झाले की धोका जास्त असं धरतो आणि हातात पिवळा पट्टा बांधतो. म्हणजे हे दोनच निघाले तरी माणूस पिवळ्यात जातो. पण नातेवाईक पडल्याचं सांगत नाहीत. "पडल्या होत्या का घरी?" "छे, ठणठणीत आहेत." मग कोपरावरचा हिरवट पडलेला डाग दाखवला की उत्तर येतं, "पडल्या नाहीत हो, जरा तोल गेला, भिंत धरून खाली बसल्या." अहो, तेच तर मी विचारत होते! त्यात कसला कमीपणा? ते कळलं असतं तर मी त्यांना बाथरूमजवळची कॉट दिली असती.

उठवतानाही घाई करू नका. आधी पाय खाली सोडून कॉटच्या कडेला बसवा, दोन मिनिटं जाऊ द्या, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारा, मग उभं करा. काही जणांचं झोपून उठताना वरचं बीपी 20 किंवा जास्तीने उतरतं. प्रोस्टेटच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हे होतं. पायात झिजलेली हवाई चप्पल नको. धोतर, लुंगी, नऊवारी घोट्याच्या वर खोचून घ्या. पहाटे फरशी पुसतात तेव्हा वाळेपर्यंत थांबवा. आणि बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका. आज्या लाजेपोटी लावतातच. आत पडलेल्या बाईपर्यंत पोचायला दार तोडावं लागलेलं मी पाहिलं आहे. दाराबाहेर मावशी उभी राहील, आत कुणी येणार नाही, हे त्यांना नीट सांगितलं की ऐकतात.

"हात बांधून ठेवा" असंही काही जण म्हणतात. रात्री भ्रमात जाणारे पेशंट असतात, "मला घरी जायचंय, म्हशी सोडायच्यात" म्हणून उठतात. त्यांना बांधलं की ते आणखी झगडतात. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय आम्ही बांधत नाही. त्यापेक्षा चष्मा आणि कानातलं मशीन घरून आणा, बारीक दिवा राहू द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

आणि इतकं करूनही कुणी पडलंच, तर बगलेत हात घालून ओढून उठवू नका, हात जोडून सांगते. आहेत तिथेच राहू द्या आणि आम्हाला हाक मारा. मान, कंबर, खुबा बघितल्याशिवाय हलवायचं नसतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर ते आधी सांगा, मग माणूस बोलत-चालत असला तरीही.

आमचीही बाजू आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणात साध्या रुग्णालयात 5 रुग्णांमागे एक नर्स धरलेली आहे. आमच्या वॉर्डात रात्री 32 खाटांना आम्ही दोघी असतो. त्यातल्या एका कॉटवर कुणी अत्यवस्थ झालं की उरलेल्या 31 जणांना मी दिसत नाही. म्हणून रात्री थांबणाऱ्या माणसाला मी दोन गोष्टी सांगते. पेशंट ज्या बाजूने उतरतो त्या बाजूला सतरंजी अंथरू नका, तुम्हाला ओलांडताना ते पडतात. आणि झोपण्याआधी त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणा, "मला उठवा, मी त्यासाठीच थांबलेय."

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांजवळ थांबली होती. तिला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "ते हाक मारणार नाहीत सिस्टर, त्यांना मी ओळखते." तिने ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं वडिलांच्या मुठीत दिलं. त्यांच्या हाताला बांधलेलं तर नाही ना, हे मी बघून घेतलं. नव्हतं, नुसतं धरलेलं होतं. सकाळी हॅण्डओव्हरच्या आधी तिला विचारलं तर डोळे चोळत म्हणाली, "तीन वेळा ओढली."