फ्रँकफर्टची अंडी, नागपूरचा संत्रा आणि वर्षभराचा स्वयंपाक

आत्याला कळलं की मी इथे फ्रँकफर्टला साध्या अंड्यांच्या दीडपट-दुप्पट पैसे देऊन ऑरगॅनिक अंडी घेते, तर तिनं फोनवर सरळच विचारलं, "काहून बाई? अंडं ते अंडं, त्यात सोनं भरलेलं असते का?" मी तेव्हा जे पटापट सांगितलं ते अर्धवटच होतं, आणि नंतर बहिणीनं विचारलं, मग मैत्रिणीनं विचारलं, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे, रेसिपींसकट. कारण मला या अंड्यांनी खरं तर स्वयंपाकच वेगळा करायला लावला आहे, जे त्या आठवड्यात बाजारात आलंय त्याच्याशी अंड्याची जोडी लावायची, गोड असो की तिखट.

आधी शिक्का. इथे दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर लाल रंगात एक नंबर छापलेला असतो, जसं ० नंतर डीई, मग सात आकडे. पहिला आकडा सांगतो कोंबडी कशी राहते. ० म्हणजे बिओ, म्हणजे आपलं ऑरगॅनिक. १ म्हणजे बाहेर कुरणात फिरणारी, २ म्हणजे शेडमध्येच पण जमिनीवर मोकळी, आणि ३ म्हणजे पिंजरा. डीई म्हणजे जर्मनी, आणि पुढचे दोन आकडे राज्याचे, आमच्या हेसेनचा ०६, त्याच्यापुढे फार्म आणि शेड. बिओच्या नियमात आत एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ६ कोंबड्या, बाहेर प्रत्येकीला ४ चौरस मीटर जागा, खाणं ऑरगॅनिक, आणि रात्री सलग ८ तास अंधार, लाइट लावून जागं ठेवायचं नाही. जुन्या पद्धतीचे बॅटरी पिंजरे तर पूर्ण युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०१२ पासूनच बंद आहेत. आणि जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं जन्मल्याबरोबर मारायला पण बंदी आली, त्यामुळे काही डब्यांवर लिहिलेलं असतं की या कोंबड्यांचे भाऊसुद्धा वाढवलेत. मला हे वाचून घ्यायला आवडतं. पैसे कशाचे जातात ते डोळ्यांना दिसतं.

मी बहुतेक वेळा गावाबाहेरच्या एका शेतकरीणबाईकडून घेते. तिच्याकडे चाकांवरचं खुराडं आहे, मोठ्या ट्रॉलीसारखं, ते ती ट्रॅक्टरनं ओढून कुरणात पुढे पुढे सरकवते म्हणजे कोंबड्यांना दर वेळी ताजं गवत मिळतं आणि मागची जमीन पुन्हा हिरवी होते. सकाळी दार उघडलं की त्या फळीवरून धडाधड खाली उतरतात आणि लगेच पायांनी माती उकरायला लागतात, एकही इकडेतिकडे बघत नाही. फाटकापाशी एक मशीन आहे, नाणी टाकायची, खण उघडतो, डबा घ्यायचा.

तिच्याकडे जाऊ लागल्यावर मला समजलं की अंड्यालासुद्धा हंगाम असतो! कोंबडीचं अंडी देणं दिवसाच्या उजेडावर चालतं. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम ८ तासांचा, जूनमध्ये १६ तासांच्या वर. मग हिवाळ्यात अंडी कमी आणि मार्च लागला की नुसता पूर येतो. इथल्या ईस्टरला सगळीकडे अंडीच अंडी का, त्याचं एक कारण हेच आहे, त्याआधीचे चाळीस दिवस उपवासाचे, तेव्हा जुन्या काळी अंडी खायची नाहीत, आणि कोंबड्या तर नेमक्या तेव्हाच जोरात. नागपुरात उलटा प्रकार. आपल्याकडे डिसेंबरातही जवळजवळ ११ तास उजेड असतो आणि थंडी पण अशी की कोंबडीला बरीच वाटावी, मात्र मे महिन्यात ४५ डिग्रीत ती धापा टाकते, खाणं सोडते, धापा टाकून टाकून रक्तातलं कवच बनवायचं सामान कमी पडतं आणि अंड्याचं कवच पातळ येतं. आई जे म्हणते ना, "उन्हाळ्यात नको बाई, अंडं गरम पडते", ते शरीराच्या बाबतीत काय ते डॉक्टर जाणे, पण आपल्याकडचं चांगलं अंडं थंडीतलंच हे मात्र पक्कं. सदरला, सीताबर्डीला संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांच्या गाड्यांवर गर्दी कधी होते ते आठवा.

आता खाण्याकडे वळते.

वसंतात इथला माझा सगळ्यात आवडता पदार्थ म्हणजे ग्र्यूने झोसे, फ्रँकफर्टचा हिरवा सॉस, उकडलेली अंडी आणि उकडलेले बटाटे याच्याबरोबर खायचा. क्लाइनमार्क्टहाले म्हणून शहरात जुनं झाकलेलं मार्केट आहे, तिथे सात पाल्यांची जुडी पांढऱ्या कागदात गुंडाळून मिळते. त्यात पार्सली, कांद्याच्या पातीची बारीक बहीण चाइव्ह्ज, चर्व्हिल, बोरेज, पिंपिनेले, आणि दोन तर आपल्या घरातलेच! एक सॉरेल, म्हणजे आपल्या चुक्याच्या घरातलाच पाला, जिभेवर ठेवला की तोच आंबट. आणि दुसरा क्रेस, म्हणजे अळीव. हो, तोच अळीव ज्याचे बाळंतिणीला लाडू करतात, इथे त्याचे कोवळे अंकुर कापून खातात. २०१६ पासून या सॉसच्या नावाला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या नागपुरी संत्र्याला जीआय आहे तसंच.

करायला सोपं आहे. सातही पाले धुऊन अगदी कोरडे करायचे, हे महत्त्वाचं, पाणी राहिलं की सॉस पचपचीत होतो. मग सुरीनं बारीक चिरायचे, मिक्सरमध्ये एकदम पेस्ट करू नका, कडवट होतं. आंबट क्रीम आणि दही सारखं सारखं, मीठ, मिरी, चिमूटभर साखर, थोडी मोहरीची चटणी, लिंबू. दोन उकडलेली अंडी बारीक चिरून त्यातच, आणि बाकीची अर्धी कापून वरून. शिजवायचं काहीच नाही. तासभर फ्रीजमध्ये ठेवलं की पाल्याचा वास दह्यात उतरतो.

थंडीत नागपूरला गेले तेव्हा मी हे आपल्या पाल्यांनी केलं. गोकुळपेठ मार्केटात त्या दिवसांत पालेभाज्यांचे ढीग असतात, डोकं फिरतं बघून. चुका, कोथिंबीर, कांद्याची पात, अगदी कोवळी मेथी थोडीच, शेपू त्याहून थोडा, पुदिन्याची चार पानं, आणि अळीव मी घरी आठवडाभर आधी आईला ओल्या फडक्यावर पेरून ठेवायला सांगितला होता. क्रीमऐवजी फडक्यात टांगलेलं दही. आईनं आधी वास घेतला, मग बोटानं चाखलं, मग म्हणाली, "हे तर भाकरीसोबत जाईल ना गं." आणि खरंच गेलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर बटाट्यापेक्षा छान लागलं, माझं तर मत झालंय की तेच योग्य आहे.

एक गोष्ट उकडण्याबद्दल. अगदी ताजं अंडं सोललं जात नाही, पांढरं कवचाला चिकटून सगळं ओबडधोबड निघतं. अंडं जुनं होतं तसा कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा आंबटपणा कमी होतो आणि ते पापुद्र्याला सोडतं. म्हणून उकडायला मी आठवडाभर जुनी वेगळी ठेवते, आणि ताजी ऑम्लेटला. उकळत्या पाण्यात सोडायची, मधलं मऊ हवं तर ७ मिनिटं, घट्ट हवं तर १० मिनिटं, लगेच गार पाण्यात.

मे-जूनमध्ये पांढरा श्पार्गेल येतो, म्हणजे अस्परागस, तो २४ जूनला बंद म्हणजे बंद, पुढे झाडाला विश्रांती हवी असते. त्यावर पिवळा बलक, लोणी आणि लिंबाचा सॉस करतात. छान असतो पण मला त्याचं इतकं वेड नाही. त्याच सुमारास रुबार्बचा, म्हणजे लालसर आंबट देठांचा केक, खालून आंबट, वरून पांढऱ्याच्या फेसाचा गोड कुरकुरीत थर. आणि जुलैत चेरी आली की किर्शनमिशेल, शिळ्या पावाचा गोड पदार्थ, पाव कोमट दुधात भिजवायचा, चार अंड्यांचे बलक साखर-लोण्याबरोबर फेटून त्यात, दालचिनी, चेरी, आणि शेवटी फेसलेलं पांढरं हलक्या हातानं मिसळून ओव्हनमध्ये. शिळं अन्न वाया न घालवण्याचा हा प्रकार आपल्या फोडणीच्या पोळीच्याच जातीतला आहे, मला तो फार जवळचा वाटतो.

सप्टेंबरपासून कांद्याचा त्स्वीबलकूखन. किलोभर कांदा उभा चिरून मंद आचेवर अर्धा तास, रंग येऊ द्यायचा नाही, फक्त गोड मऊ करायचा, मग तीन-चार अंडी, आंबट क्रीम, शहाजिऱ्यासारखा कॅरवे घालून यीस्टच्या पातळ पोळीवर ओतून भाजायचा. इथले लोक त्याबरोबर ताजी, अजून आंबत असलेली वाइन पितात.

आणि त्याच थंड पावसाळी दिवसांत माझ्या घरी सावजी अंडा रस्सा होतोच, त्याला पर्याय नाही. नागपूरच्या विणकर कोष्टी समाजाच्या घरातून आलेलं हे जेवण, आणि बाहेर अंधार पडला असताना तो काळसर तर्रीवाला रस्सा पोटात गेला की मग बरं वाटतं. सुकं खोबरं आणि कांदा पार काळपट होईपर्यंत भाजायचा, खसखस, दगडफूल, मिरी, लवंग, आणि दाटपणाला भाजलेलं ज्वारीचं पीठ. उकडलेल्या अंड्यांना चिरा देऊन तेलात परतून घ्यायचं, साल थोडी फोडासारखी खरपूस झाली पाहिजे, मग रस्सा तिला धरतो. बिओ अंड्याचा बलक कधी कधी फिकट असतो हे इथे दिसतं. पुष्कळांना वाटतं की गडद केशरी बलक म्हणजे चांगलं अंडं, तसं काही नाही, रंग खाण्यावरून येतो, मका, गवत, झेंडूच्या पाकळ्या, आणि साध्या फार्मवर तर खाण्यात रंगही घालता येतो, जो कृत्रिम रंग बिओमध्ये चालत नाही. हिवाळ्यात गवत कमी, बलक फिकट. चव तीच.

कवचाच्या रंगाचंही तेच. नागपुरात ब्राऊन अंडं दिसलं की गावरान समजून जास्त पैसे देतात, अहो, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, पिंजऱ्यातली कोंबडीही ब्राऊन अंडं देते. गावरान हवं असेल तर ओळखीच्या माणसाकडून घ्या, कळमेश्वर-काटोलकडून कोणी येत असेल, कामवाल्या मावशींच्या गावी कोंबड्या असतील. विचारा की मोकळ्या फिरतात का, खातात काय, अंडी कधीची आहेत. सर्टिफिकेट नसेल, पण उत्तर मिळेल. ती अंडी लहान असतात, म्हणून रेसिपीत तीन लिहिली असतील तर चार घ्या. मातीनं भरलेली असली तरी आणल्या आणल्या धुऊ नका, कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो तो जंतूंना आत जाऊ देत नाही, फोडायच्या आधी धुवा. आणि शंका आली तर पाण्यात सोडून बघा, आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवा, तरंगलं तर फेका.

डिसेंबरात इथे घराघरांत त्सिम्टश्टेर्ने होतात, दालचिनीच्या चांदण्या. ३ अंड्यांचं पांढरं, २५० ग्रॅम पिठीसाखर, साधारण ३५० ग्रॅम बदामाची पूड, दालचिनी दोन चमचे. मैदा नाही, लोणी नाही. पांढरं साखरेबरोबर कडक फेसायचं, थोडं वरून लावायला बाजूला काढायचं, बाकीच्यात बदाम-दालचिनी. लाटून चांदणीच्या साच्यानं कापायच्या, वर तो पांढरा फेस, १५० डिग्रीवर १२-१५ मिनिटं, वरचा रंग पांढराच राहिला पाहिजे.

मागे ३ बलक उरतात, त्यांचं काय करायचं याचं उत्तर मला नागपूरनंच दिलं. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, घरी पाटीभर येतात, आणि मी त्याचं कर्ड केलं, म्हणजे दही नाही, रस, अंडं आणि लोण्याचा पावाला लावायचा दाट गोड प्रकार. ३ बलक, एक पूर्ण अंडं, १०० मिली संत्र्याचा रस, दोन लिंबांचा रस कारण आपला संत्रा एकटा पुरेसा आंबट नाही, ९० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम लोणी, आणि सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून. रस हातानं हलकेच पिळा, बिया चिरडू नका, संत्र्याचा रस ठेवला की आणि तापला की कडू होत जातो, बियांनी आणखी. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून सारखं ढवळायचं, चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की झालं, उकळू दिलंत तर अंडं फाटेल. गाळून बरणीत.

आजी अंडं खात नाही, घरात अंड्याची कढई पण वेगळी आणि गॅलरीतल्या शेगडीवरच, त्यामुळे हे सगळं मी तिथेच उभी राहून केलं, आणि आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. कर्ड तिनं गरम पोळीवर लावून खाल्लं, मग दुसरी पोळी घेतली. आता तिला विचारायचं आहे की मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत आली की तेव्हाही असंच होईल का. होईल आत्या, फक्त लिंबू चाखून कमी-जास्त कर, आणि बरणी फ्रीजमध्येच ठेव, आठवड्याच्या आत संपव.