मुठीतला फुगा

"दाबला असता तर मशीन बंद पडलं असतं ना रे? मग ओरडले असते मला."

एमआरआय करून बाहेर आल्यावर आई हे म्हणाली आणि मला काही सुचेना.

कमरेचा एमआरआय, अर्धा तास. आत नेताना तिच्या हातात रबरी फुगा दिला होता. भीती वाटली, जीव घाबरला तर दाबायचा, की लगेच थांबवून विचारतात. हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं ते एवढंच, "मंगळसूत्र काढा, जोडवी काढा, अजिबात हलू नका." त्या ठकठकाटात ती फुगा मुठीत धरून रामरक्षा म्हणत पडून राहिली. बाहेर आली तेव्हा तळहात घामाने चिंब.

माणसं वाईट नव्हती. बाहेर किती गर्दी होती, ते मलाही दिसत होतं. पण "आजी, आवाज खूप होईल, घाबरू नका, मी काचेपलीकडून बघतोय," एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात हो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णांचे १७ हक्क आहेत. त्यात पहिला माहितीचाच.

मंगळसूत्र परत घालताना तिची बोटं थरथरत होती. हूक मीच लावला.

तुमच्या घरच्यांना आत नेण्याआधी कुणी नीट समजावून सांगितलं होतं का?