काटा पडतो, पण तिसऱ्या चकरीला

शेवटी चोर सापडला. आपल्या ट्रॅकच्या गाडीतल्या जी१३चं (सुझुकीचं १.३ लिटरचं इंजिन) ऑइल प्रेशर खाणारा संपात, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, नव्हताच, वर सिलिंडर हेडमध्ये दडून बसला होता.

बॅफलवाला, म्हणजे वळणात तेल सरकू नये म्हणून आत अडसर आणि बिजागरीच्या झडपा असलेला, संप बसला हे मागे सांगितलंच आहे. वेल्डिंग एमआयडीसीतल्या नेहमीच्या कारागिराचं, एक थेंब गळत नाही. (ऑनलाइन मिळणाऱ्या तयार किटच्या नादी लागू नका. पत्रा पातळ, बिजागरीत जीव नाही.) तरी लांब उजव्या वळणात काटा पडायचाच, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, भाऊ, संपच पाहा.

म्हणून वळणच जळगावात आणलं. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं आवार मोकळं असतं. मालकांना विचारून तिथे चुन्याने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. त्यावर ताशी ४० किमीचा वेग धरला की ०.८४ जी (गुरुत्वाच्या ०.८४ पट बाजूचा जोर) मिळतो, आणि पहिल्या गिअरला इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास राहतं. वर मे महिन्याचं ऊन, त्यामुळे २०डब्ल्यू-५०सारखं जाड इंजिन ऑइलसुद्धा पाण्यासारखं.

पहिली चकरी, ऑइल प्रेशर ५८ पौंड. दुसरी ५८. तिसरीच्या मध्यावर काटा थरथरला आणि थेट २० वर. थांबून आयडलला ठेवलं, की थोड्या वेळात सगळं जागेवर!

नुसतं तेल सरकून पिकअप (संपातून तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडत असता, तर काटा लगेच पडला असता. इथे वीसेक सेकंद जातात. म्हणजे पंप तेल वर पाठवतोय, ते खाली येत नाहीये. इंजिन गाडीत आडवं बसवलेलं, त्यामुळे उजव्या वळणात ते हेडच्या डाव्या टोकाला साचतं. कॅच कॅन (हेडच्या श्वासनळीतून बाहेर आलेलं तेल धरणारा डबा) उघडला तर निम्मा भरलेला. डाव्या चकऱ्यांना डबा कोरडा, काटा ढिम्म. ट्रॅकवर एवढं लांब वळण नसतं हे खरं, पण ६,५०० आरपीएमला पंप जास्त तेल फेकतो आणि वळणामागून वळण येतं.

१९६६च्या ले मान्सआधी फोर्डने इंजिन डायनोवर (इंजिन जागेवरच पळवून तपासायचं यंत्र) चढवून गिअरबदलांसकट लॅप्स काढल्या होत्या. पण डायनोवर गाडी वळत नाही. तिथे आपला चुना भारी.

हेडच्या तेलवाटेत रेस्ट्रिक्टर, म्हणजे वर जाणारं तेल कमी करणारं बारीक भोकाचं जेट, टाकणार होतो, लेथवर करूनही ठेवलंय. पण ट्रॅकवर ६ तास कॅमशाफ्टला तेलावाचून अर्धपोटी ठेवायला मन धजत नाही. त्यापेक्षा डाव्या टोकाहून बाहेरून ड्रेन, १९ मिमीची नळी, संपाच्या मध्यावर.

थांबा, मध्यावर नको. नळी उजवीकडे वळवली की ०.८४ जीला तेलाला तो चढच. सरळ खालीच उतरवावी लागेल, फक्त डावीकडे चढलेल्या तेलाच्या वर जोडायला हवी. संपाला पुन्हा वेल्डिंग आलं.

भोक पाडण्याआधी भंगारातलं एक हेड उभं कापतोय, वॉटर जॅकेट (हेडमधली थंड करणाऱ्या पाण्याची वाट) कुठून जातं ते बघायला. कुणी आधीच कापलं असेल तर डाव्या टोकाचा फोटो टाका, माझं ब्लेड वाचेल.