पाचव्या महिन्यातील खाज आणि न घेतलेली कॅप्सूल

नाशिकमध्ये उन्हाचा कडाका असताना मला पाचवा महिना लागला. गरोदरपणात अंगावरून पांढरे जाणे थोडेफार वाढतेच, असे आईकडून ऐकले असल्यामुळे पहिले काही दिवस मी दुर्लक्ष केले. परंतु स्राव फुटलेल्या दह्यासारखा घट्ट झाला, लघवीच्या वेळी आग होऊ लागली आणि खाजेने रात्रीची झोप उडाली. सासूबाईंनी तुरटीच्या पाण्याने धुण्यास सुचवले, ते त्यांच्या काळजीपोटीच होते.

लग्नानंतर एकदा असाच त्रास फ्लुकोनाझोल या बुरशीवरील औषधाच्या १५० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलने थांबला होता. यजमानांनी तेच नाव सांगितले आणि इंदिरानगरमधील एका औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीविना मिळालीही. दुकानात कोणी गरोदरपणाविषयी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. कॅप्सूल घेण्यापूर्वी मी डॉक्टरांना फोन केला, याचे समाधान मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की पोटात घेतलेले हे औषध रक्तावाटे बाळापर्यंत पोहोचते, काही अभ्यासांत त्याचा गर्भपाताशी संबंध दिसला आहे, म्हणून गरोदरपणात ते टाळतात. उलट योनीत ठेवायच्या, बुरशीवरीलच क्लोट्रिमाझोलच्या गोळीचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो. तपासणीच्या उपकरणाने बाळाला इजा होईल, ही माझी भीती त्यांनी न हसता ऐकून घेतली आणि उपकरण गर्भाशयाच्या मुखापाशीच थांबते, हे चित्र काढून दाखवले. स्रावाची आम्लता कागदी पट्टीवर पाहिली, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि बुरशीचा संसर्ग निश्चित झाला. रक्तातील साखर वाढली असल्यास बुरशी वारंवार होते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखरही तपासली. ती १४० च्या आत, म्हणजे सामान्य होती.

१०० मिलिग्रॅमची एक गोळी, रोज रात्री, सलग सात रात्री, असा उपचार ठरला. नळीने जोर लागू शकतो म्हणून हात स्वच्छ धुऊन बोटानेच गोळी ठेवावी, असे त्यांनी सांगितले. सकाळी पांढरा चुरा बाहेर येई. औषध वाया गेले असे वाटून मी पहिल्या दिवशी घाबरले होते, पण असा चुरा येणे नेहमीचेच होते. तुरटी, सुगंधी साबण आणि आत पाणी मारणे पूर्ण बंद केले, सुती कपडे वापरले. तिसऱ्या रात्री खाज जवळजवळ गेली, तरी उरलेल्या चार गोळ्या मी घेतल्याच, कारण अर्धवट सोडलेला संसर्ग उलटतो.

आठव्या महिन्यात पुन्हा स्राव वाढला. या वेळी तो पातळ, करडा होता, त्याला मासळीसारखा वास होता आणि खाज नव्हती. तीच गोळी आणावी, असे क्षणभर वाटले. पण तपासणीत बुरशी नव्हे, तर जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे निघाले. त्यावर क्लोट्रिमाझोलचा उपयोग नाही, आणि या विकाराचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंध आढळत असल्याने तो अंगावर काढणेही योग्य नव्हते. डॉक्टरांनी जिवाणूंवरील मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवस दिल्या. पांढरे जाणे हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. औषधे मात्र वेगळी आहेत.

त्याच भेटीत त्यांनी गर्भजल गळत नाही ना, हेही पाहिले. स्राव पाण्यासारखा सतत झिरपू लागला, रक्त दिसले, ताप आला किंवा पोटात कळा सुरू झाल्या, तर वेळ न पाहता रुग्णालयात यावे, असे त्यांनी बजावले. दोन्ही औषधांची नावे आणि तारखा मी माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घेतल्या, आणि प्रसूतीच्या वेळी ड्युटीवरील डॉक्टरांनी तेच पान प्रथम उघडले.