मांडीवर मावतील तेवढीच

ग्रंथालयाच्या पुस्तकविक्रीला जायचं तर बसनंच जावं. एकदा मी हौसेनं गाडी घेऊन गेले होते. गाडीला डिकी असते आणि डिकीला नाही म्हणता येत नाही. त्या दिवशीची पुस्तकं अजून खोक्यांतच आहेत, आणि त्यातल्या एकावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सगळ्यांना सवय झाली आहे. बसमध्ये असले लाड चालत नाहीत. दोन हात, एक खांदा आणि मांडी. तिथं मावेल ते आपलं, उरलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबातलं.

एवढं पुस्तकवेड असूनही बसमध्ये मला वाचता येत नाही. चौथ्या ओळीला मळमळायला लागतं. पानावर खिळलेले डोळे सांगतात की आपण एका जागी बसलो आहोत, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की छे, आपण चांगले हेलकावे खातो आहोत. दोघं आपापला हेका सोडत नाहीत आणि भोगावं लागतं ते पोटाला. म्हणून जाताना मी खिडकीशी बसते आणि दीड तास नुसती बाहेर बघते. मांडीवर रिकाम्या पिशव्यांची घडी. बसमध्ये अशा घड्या आणखी दोघांतिघांकडे दिसतात, आणि मग कोण कुठं चाललंय ते न विचारता कळतं. ओळख मात्र कुणीच देत नाही. थोड्याच वेळात एकाच पुस्तकावर दोघांचे हात पडायची शक्यता असते ना.

तिथं जी पुस्तकं मांडलेली असतात, ती विकायची म्हणून कुणी आणलेली नसतात. ती नोकरी करून दमलेली असतात. त्यांना बाद करण्याला कार्यालयीन भाषेत ‘निर्लेखन’ म्हणतात. शब्द असा भारदस्त, की पानांवरची अक्षरंच पुसून टाकणार आहेत असं वाटावं. प्रत्यक्षात पहिल्या पानावर एक शिक्का बसतो आणि दाखल क्रमांकावर लाल रेघ ओढली जाते, बस्स. कारणं साधी असतात. कुणाची शिवण उसवलेली, कुणाच्या एकाच वेळी चार प्रती घेतलेल्या, तर कुणाचं जगच मागे पडलेलं. सोव्हिएत संघ दाखवणारा नकाशासंग्रह १९९१ नंतर कुणाच्या हाती देणार? ‘आपले नऊ ग्रह’ सांगणारं गुटगुटीत पुस्तक २००६ साली एका ठरावानं चुकीचं ठरलं. त्यात बिचाऱ्याचा काय दोष! रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला शेवटचा सांगतो की ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत गोष्ट आहे. वाढायचं म्हणजे जुनी पानं गळणारच. विक्रीच्या दिवशी आम्ही ती पानं वेचायला जातो.

दालनात शिरल्याबरोबर आधी वास भेटतो. जुन्या कागदातलं लिग्निन हळूहळू मोडत जातं, तसा कागद पिवळा पडतो आणि त्यातून नाना तऱ्हेचे वास सुटतात. त्यात थोडं व्हॅनिलीनही असतं, म्हणून तो वास गोडसर. हे कळल्यावर माझा थोडा विरस झाला होता. ज्याला आपण इतकी वर्षं पुस्तकाचा सुगंध म्हणत आलो, तो त्याच्या झिजण्याचा वास निघाला.

मग लांबच लांब टेबलं आणि त्यांच्या कडेनं माना वाकड्या केलेली माणसं. इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवर नाव वरून खाली छापतात, फ्रेंच पुस्तकांवर बहुधा खालून वर. सरमिसळ टेबल असेल तर सगळे एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर मान टाकत पुढं सरकतात. लांबून बघणाऱ्याला कसलातरी सामुदायिक व्यायाम चाललाय असं वाटेल.

मान वाकडी न करणारेही असतात, ते पुनर्विक्रेते. पुस्तक उलटं करायचं, मागच्या बारकोडवर फोन धरायचा, टुंई वाजलं की पिशवीत किंवा परत टेबलावर. नाव वाचायचंच नाही! पहिली काही वर्षं मला त्यांचा फार राग यायचा. मग लक्षात आलं की पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक मिळायला लागले १९७०च्या सुमारास, आणि त्यांचे बारकोड त्याच्याही नंतर. म्हणजे त्याआधीच्या पुस्तकांपुढं यांचा फोन आंधळा. कापडी बांधणीची, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली म्हातारी मंडळी ते सरळ ओलांडून जातात. मी त्यांच्या मागून निवांत चालत राहते.

माझी निवड करायची पद्धत कुणालाही हास्यास्पद वाटेल. मी आधी शेवटचं पान उघडते. तिथं परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. काही चिठ्ठ्या खच्चून भरलेल्या, वर दुसरी चिकटवलेली, तिच्यावर तिसरी. ही सगळ्या गावानं वाचलेली पुस्तकं, त्यांना माझी गरज नाही. काही अगदी कोऱ्या. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण वाईट वाटतं म्हणून पुस्तक घ्यायचं नाही हे मी शिकले आहे (खोक्यांत बहुतेक तीच आहेत). मला हव्या असतात अधल्यामधल्या, ज्यांत काहीतरी घडल्याचा संशय येतो.

यंदा तशी एक सापडली. पुस्तक ढगांवरचं. पाठीवर ५५१.५७६ ही चिठ्ठी, म्हणजे मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा कप्प्यांत बसवायचं मनावर घेतलं, त्यातला ढगांचा खण. आकाशातली सर्वांत बेशिस्त वस्तू, पण तिलाही दशांश चिन्हापुढं तीन आकडे. तारखांच्या चिठ्ठीवर फक्त तीन शिक्के: १४ जून, २८ जून, १२ जुलै १९८३. बरोबर चौदा-चौदा दिवसांनी. म्हणजे वाचक बहुधा एकच, मुदत वाढवून घेत गेलेला. पुढं सगळं कोरं.

आत चाळलं तर ल्यूक हॉवर्ड भेटले. पेशानं औषधं बनवणारा हा लंडनचा माणूस, पण १८०२ साली त्यानं ढगांना जी लॅटिन नावं दिली, ती आजही चालतात. कुरळ्या बटांसारखा तो सिरस, ढिगासारखा क्युम्युलस, थरासारखा स्ट्रेटस. पुढं त्यांच्या जोड्या लावून आणि भर घालून ढगांचे दहा मुख्य प्रकार ठरले. पुस्तकात दहाही प्रकारांची छायाचित्रं होती आणि त्यातल्या सातांच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक टिचक्या. एकीखाली लिहिलेलं, ‘सकाळी ७, गच्चीवरून’. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी एरवी क्षमा करत नाही. याला केली. तीन प्रकार राहिले होते, त्यातला एक सिरोक्युम्युलस. बारीक दाण्यांचा, क्वचित दिसणारा.

पुस्तक पिशवीत गेलं. नंतरच्या तासाभरात आणखी अकरा गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. निघताना पिशवीचा एक बंद उसवला, आणि बाराही पुस्तकं छातीशी धरून मी बसच्या पायऱ्या चढले.

परतताना नेहमीप्रमाणे खिडकी. पण या वेळी हातातलं पुस्तक असं होतं की ते वाचायचं म्हणजे मान वर करून बाहेर बघायचं. बस थांबली की एक चित्र पाहून घ्यायचं, सुटली की आकाश. पोटानं तक्रार केली नाही. आणि उन्हं कलता कलता वर पांढरे दाणे पसरलेले दिसले. सिरोक्युम्युलस? की त्याचा थोराड भाऊ अल्टोक्युम्युलस? पुस्तकात खूण दिली होती: हात पूर्ण लांब करून करंगळी आभाळासमोर धरा. दाणा करंगळीआड लपला तर सिरोक्युम्युलस. त्याहून मोठा असून तीन बोटांत मावला तर अल्टोक्युम्युलस.

मी पुस्तकांचा ढीग एका हातानं सावरला, दुसरा हात पुढच्या आसनावरून तिरका लांबवला आणि करंगळी वर केली. एक डोळा मिटला. बस हलत होती, त्यामुळे दाणा करंगळीआड जाई आणि पुन्हा बाहेर येई. मी हात तसाच धरून ठेवला.

शेजारच्या आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी माझ्या गुडघ्यावर थोपटत हळूच म्हणाल्या, “पुढच्या थांब्यावर सोय आहे हो. पाच मिनिटं कळ काढा.”