काकडीला पाणी सुटतं

आमच्या घरी स्वयंपाकातलं एकच काम माझ्यावर विश्वासाने सोपवलं जातं, ते म्हणजे कोशिंबीर. गॅस पेटवायचा नसतो, काही करपायची भीती नसते. विळीवर बसून काकडी चोचवायची, दाण्याचं कूट, खोबरं, लिंबू, साखर, मीठ घालायचं आणि वरून कुणाकडून तरी फोडणी करून घ्यायची. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं मीही गेल्या गौरींपर्यंत समजत होतो.

गौरीजेवणाला बावीस पानं होती. आयत्या वेळी गडबड नको म्हणून मी तासभर आधीच सगळं कालवून, मीठ घालून पातेलं झाकून ठेवलं. पानं वाढायला घेतली आणि झाकण काढलं, तर काकडी तरंगत होती. केळीच्या पानावर डाव्या बाजूला चमचाभर वाढली की ती जागच्या जागी राहीना. तिचा ओहोळ पानाच्या शिरेशिरेने खाली उतरून भाताच्या मुदीला टेकायचा. आत्याने बोटाने भाताचा छोटासा बांध घातला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मीठ कधी घातलंस रे?"

"तासाभरापूर्वी."

"मग काकडीचं काय चुकलं?"

कोशिंबिरीत मीठ पानं वाढताना घालायचं, हे आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

रात्री भांडी आवरताना ते शब्द डोक्यात घोळत राहिले. काकडीला पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो. चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं. क्रियापद असं वापरतो आपण की जणू पाणी आत कुणीतरी बांधून ठेवलं होतं आणि गाठ सुटली. शंभर ग्रॅम काकडीत पंचाण्णव ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. पण अख्खी काकडी टोपलीत दोन दिवस पडून राहिली तरी टोपली ओली होत नाही. एवढं पाणी बांधून ठेवतं कोण?

शाळेत याचं उत्तर पाठ केलं होतं: अर्धपार्य पटल. पाच मार्कांच्या टिपेत हे दोन शब्द आले की मास्तर खूश. भाचीच्या आठवीच्या पुस्तकात आता त्याला 'निवडक्षम पारपटल' म्हणतात. नाव बोजड आहे, पण आमच्यापेक्षा बरंच खरं आहे. 'अर्धपार्य' म्हटलं की वाटतं, निम्मं सोडायचं आणि निम्मं अडवायचं असा काही हिशेब असावा. प्रत्यक्षात पेशीच्या दारात निवड चालते, आणि ती भलतीच चोखंदळ असते.

काकडीच्या प्रत्येक पेशीला बाहेरून एक जाडसर भिंत असते. ती गोणपाटासारखी, पाणीही सोडते आणि मीठही. तिच्या आत, तिला चिकटून, खरं राखण करणारं पातळ पटल असतं. आतलं पाणी या पटलाला भिंतीवर दाबून धरतं, आणि काकडी चावताना येणारा करकर आवाज त्या दाबाचा. बाहेर मीठ पडलं की ते जरासं विरघळून दाट खारं पाणी तयार होतं. आतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. मिठाला मात्र तितक्या सहज आत जाता येत नाही. पाणी निघून जातं, पटल भिंतीपासून सुटून आकसतं आणि फोड लुळी पडते. परासरण म्हणतात ते हेच. आत्या त्याला 'काकडीने मान टाकली' म्हणते.

हे पटल कशाचं असतं, हे कळल्यावर मला खरी गंमत वाटली. ते तेलाचं असतं.

अगदी फोडणीतलं तेल नव्हे, पण त्याच घराण्यातलं. चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 'सोया लेसिथिन, ३२२' असं लिहिलेलं असतं, ते या जातीचं. याच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्यात कोणी विचारत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपापसात ठरवल्यासारखे दोन रांगांत उभे राहतात. शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून, आणि डोकी बाहेर, दोन्हीकडच्या पाण्याला लागून. त्यांना एकमेकांशी कशानेही बांधलेलं नसतं. गोंद नाही, टाका नाही. पाण्याने वाळीत टाकल्यामुळे त्या शेपट्या एकत्र आलेल्या असतात, एवढंच. जाडी इतकी कमी की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी दहाएक हजार पटलं एकावर एक मावतील.

आणि हे सगळं पातळ, वाहतं. मिसळीच्या तर्रीवर चमच्याने रेघ ओढून बघा. क्षणभर रस्सा दिसतो, मग तवंग पुन्हा मिटतो. पेशीच्या पटलात बारीक सुई खुपसून काढली तर तेही असंच मिटतं. १९७० साली फ्राय आणि एडिडिन या दोघांनी माणसाची एक पेशी आणि उंदराची एक पेशी जोडून एकच पेशी केली. दोघांच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग दिले होते. सुरुवातीला अर्धी बाजू एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. शरीराइतक्या उबेत ठेवल्यावर चाळीस मिनिटांत रंग एकमेकांत मिसळले होते. आमच्या सोसायटीत दोन विंगांची मंडळी मिसळायला याहून जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी बीट हाताशी होतं म्हणून मी सिंकपाशी एक उद्योग केला. बिटाच्या सारख्या फोडी केल्या आणि पाण्याखाली धरल्या. पहिलं पाणी लालभडक, दुसरं गुलाबी, चौथ्याला स्वच्छ. कापताना ज्या पेशी फुटल्या त्यांचा रंग वाहून गेला, बाकीच्यांनी आपला धरून ठेवला. मग तीन ग्लास घेतले. एकात गार पाणी, एकात चहाइतकं गरम, तिसऱ्यात गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. गार पाण्यातली फोड ढिम्म. गरम पाण्यातल्या फोडीतून लाल धागे निघून तळाशी उतरायला लागले आणि बघता बघता ग्लास रंगला. साबणाच्या ग्लासातही थोड्या वेळाने लाली आली. बिटाचा रंग पेशीतल्या एका पिशवीत असतो, म्हणजे त्याला बाहेर यायला एक सोडून दोन पटलं ओलांडावी लागतात. उष्णतेने आणि साबणाने दोन्ही मोडली. करोनाच्या दिवसांत वीस सेकंद हात घासत होतो, तेव्हाही हेच चाललं होतं. त्या विषाणूचं वेष्टनही अशाच स्निग्ध पटलाचं असतं.

बायको म्हणाली, "तीन ग्लास घासायला कोण आहे?" शास्त्रात अशा अडचणी येतातच.

तशी या विषयाची सुरुवात भांडी घासण्यातूनच झाली, असं म्हटलं तरी चालेल. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहायची. तेव्हा तिथे बायकांना विद्यापीठाची दारं बंद होती आणि घरात आजारी आईवडील. खरकट्या पाण्यावरचा तेलाचा तवंग बघता बघता तिने पत्र्याचं एक चौकोनी पसरट भांडं केलं. पाण्यावर पत्र्याची एक पट्टी सरकवत न्यायची, तवंग दाबायचा आणि पृष्ठताणात काय फरक पडतो ते मोजायचं. १८९१ साली तिने हे सगळं इंग्लंडातले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना पत्राने कळवलं. त्या भल्या माणसाने ते पत्र 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवून छापून आणलं. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी तसल्याच भांड्यात सुधारणा केली, आणि ते भांडं आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. भांडं कुणाचं आणि नाव कुणाचं, हे स्वयंपाकघरात नवीन नाही.

त्या धर्तीच्या भांड्यात १९२५ साली हॉलंडमधल्या खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली. माणसाच्या, कुत्र्याच्या, सशाच्या, शेळीच्याही. पसरलेल्या चरबीचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटलात थर एक नाही, दोन. यात गंमत अशी की त्यांच्या हिशेबात दोन चुका होत्या. चरबी पुरती निघाली नव्हती, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. माझ्या दहावीच्या गणितात असं एकदाही झालं नाही.

पण नुसतं तेल म्हटलं तर आत-बाहेर जाणार कसं? साखर, मीठ यांना त्या तेलातून वाट नाही. पाणी थोडंफार झिरपतं. म्हणून या पटलात जागोजागी प्रथिनांची दारं बसवलेली असतात, आणि प्रत्येक दार एकाच गिऱ्हाइकाचं. पाण्याचं वेगळं दार असतं, हे पीटर आग्रे यांना १९९२ च्या सुमारास कळलं, तेही रक्तगटाचं प्रथिन शोधताना वाटेत सापडलं म्हणून. त्यांनी बेडकाच्या अंड्याला ते दार तयार करायला लावलं आणि अंडं साध्या पाण्यात सोडलं. अंडं फुगलं आणि फुटलं. शेजारची बिनदाराची अंडी तशीच. त्या दारातून पाण्याचे रेणू एकामागे एक, एकेरी रांगेत जातात, आणि सेकंदाला अब्जावधी जातात. रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे.

दुसरं एक यंत्र दिवसरात्र मीठ बाहेर उपसत असतं. सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी ते १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत शोधलं आणि चाळीस वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. आपण अंथरुणात लोळत असतो तेव्हासुद्धा शरीराच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा या उपशावर जातो. कोकणात कुर्ल्यांच्या नांग्या फोडून बोटं चोखताना आपल्या हातात केवढा ऐवज आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

यातलं तिसरं दार माझ्या लहानपणी माझ्या पोटात उघडलं होतं. मे महिन्यात आजोळी गेलो होतो. आंबे, उसाचा रस, जत्रेतला बर्फाचा गोळा, यांपैकी कुणी घात केला ते कळलं नाही, पण दोन दिवसांत डोळे खोल गेले. आजीने पाणी उकळून गार केलं, तांब्यात ओतलं, मूठभर साखर, चिमूटभर मीठ घातलं आणि आधी स्वतः चाखलं. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको," म्हणाली. मग रात्रभर चमचा चमचा पाजत राहिली. मी ओकलो की दहा मिनिटं थांबायची आणि पुन्हा चमचा पुढे करायची. पुढे दवाखान्याच्या भिंतीवर मी त्याच पाण्याचं प्रमाण वाचलं: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नाव जलसंजीवनी.

साखर कशाला, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला नाही. तोंडाला चव यावी म्हणून असेल, असं वाटायचं. खरं कारण आतड्याच्या पटलात आहे. तिथे एक दार असं आहे की ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच आत घेतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथल्या एका परिषदेत ते मांडलं. नुसत्या मिठाला ते उघडत नाही, नुसत्या साखरेलाही नाही. जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी जातं. कॉलरा आतड्यातून पाणी धो धो बाहेर काढतो, पण या दाराची कडी त्याला मोडता येत नाही.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मोजून पाकिटं भरून घेतली, पाण्यात कालवून पिंपं भरली आणि आयाबापांच्या हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ साली ते गेले. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा बातमीतलं ते नाव वाचून मला आधी आजीचा तांब्या आठवला. तिला सोडियम ठाऊक नव्हतं. तिला चव ठाऊक होती.

म्हणजे माझ्या कोशिंबिरीचं पाणी काढून घेणारं मीठ आणि मला रात्रभर पाणी धरून ठेवायला लावणारं मीठ एकच. काकडीला ते दाराबाहेर भेटलं, मला साखरेचं बोट धरून आत.

आत्या गौरींनंतर चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा विळीवर बसवलं. काकडी चोचवून झाल्यावर स्वतःच मीठ लावलं आणि म्हणाली, "पाणी सुटणारच आहे तर आपणच सोडवावं." दहा मिनिटांनी ओंजळीत धरून घट्ट पिळली. वाटीभर हिरवट पाणी निघालं. मी वाटी घेऊन सिंककडे वळलो तर तिने हातातून काढून घेतली, परातीतल्या थालीपिठाच्या भाजणीवर ओतली, वाकडी करून शेवटचा थेंबही पाडला आणि मळायला बसली.

"आता यात मीठ घालायला येऊ नकोस," म्हणाली.